वाचकांचे प्रश्न : ‘फोन नको’ म्हणण्याचा हक्क

सांगली, मिरज, तासगाव, पलूस आणि विटा या भागांतून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच त्रासाविषयी आहेत. कर्ज, विमा, प्लॉट, क्रेडिट कार्ड असे काही ना काही विकू पाहणारे फोन दिवसभर येत राहतात आणि त्यांना आवर कसा घालावा हे कळत नाही, अशी ही तक्रार आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांत एक समज गृहीत धरलेला दिसतो, तो म्हणजे याबाबत कायदा काहीच करीत नाही. कायदा आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीनंतर तो पूर्वीपेक्षा बराच कडक झाला आहे. मात्र तो चालतो तक्रारीच्या नोंदीवर, आणि नेमकी तीच नोंद करण्याचे आपण टाळतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. सौद्यांच्या वेळी फोन बंद ठेवता येत नाही, कारण परगावचे शेतकरी आणि ट्रकचालक अनोळखी क्रमांकांवरूनच फोन करतात. त्यामुळे प्रत्येक फोन उचलावा लागतो आणि त्यांतले कितीतरी कर्ज देणाऱ्यांचे निघतात. मी डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे विक्रीचे फोन नकोत अशी नोंद) केव्हाच करून घेतले आहे. एक क्रमांक ब्लॉक केला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावरून तोच फोन येतो. डीएनडी निव्वळ नावापुरते आहे काय?

उत्तर : डीएनडी नावापुरते नाही, परंतु त्याचे काम आपण समजता त्याहून मर्यादित आहे, आणि ही मर्यादा नीट कळली की उपाय कोठे आहे तेही कळते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, असे फोन नाकारणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू केली, २०१० मध्ये नियम अधिक कडक केले आणि जुलै २०१८ मध्ये सध्या लागू असलेले विनियम आणले. या विनियमांनुसार विक्रीसाठी फोन किंवा संदेश पाठवणाऱ्याने आधी दूरसंचार कंपनीकडे नोंदणी केली पाहिजे, विक्रीचे फोन १४० या आकड्यांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच केले पाहिजेत आणि ते करण्यापूर्वी ग्राहकांनी नोंदवलेल्या पसंतीशी ताडून पाहिले पाहिजेत. आपण १९०९ या क्रमांकावर सर्व प्रकार बंद ठेवण्याची पसंती नोंदवली असेल, तर या नोंदणीकृत वाटेने येणारा विक्रीचा फोन आपल्यापर्यंत येता कामा नये. ज्यांना सगळेच बंद करायचे नाही त्यांना बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा विभागांपैकी हवे ते चालू ठेवता येतात, आणि वार व वेळही निवडता येते.

आपल्याला त्रास होतो तो या वाटेने न येणाऱ्यांचा. साधे दहा आकडी सिम घेऊन बसलेला कर्जाचा एजंट दूरसंचार यंत्रणेला प्रथमदर्शनी इतर कोणत्याही ग्राहकासारखाच दिसतो. आपल्या ट्रकचालकाचा फोन आणि त्याचा फोन यांतला फरक खात्रीने सांगू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे फोन घेणारे आपण. आणि तो फरक कायद्याच्या भाषेत सांगण्याची रीत म्हणजे तक्रार. ब्लॉक केल्याने तो क्रमांक आपल्या हँडसेटपुरता गप्प होतो, पण दूरसंचार कंपनीच्या दप्तरी त्याची काहीही नोंद होत नाही, आणि तोच एजंट यार्डातल्या शेजारच्या गाळ्याला फोन लावायला मोकळा राहतो. म्हणून आधी तक्रार आणि मग ब्लॉक, हा क्रम ठेवावा.

तक्रार ट्रायच्या डीएनडी ॲपवरून, आपल्या दूरसंचार कंपनीच्या ॲपवरून वा संकेतस्थळावरून, किंवा १९०९ वर फोन अथवा एसएमएस करून देता येते. तीत फोन करणाऱ्याचा क्रमांक, फोन आल्याची तारीख आणि तो कशाविषयी होता याचे एक-दोन ओळींचे वर्णन असले पाहिजे. आपला क्रमांक यंत्रणेकडे येतोच. एवढी माहिती असली की तक्रार वैध धरली जाते, आणि त्यासाठी आपण डीएनडी केलेले असलेच पाहिजे, ही पूर्वीची अडचणही आता उरलेली नाही. ही गोष्ट अजून फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पूर्वी तक्रारीसाठी तीनच दिवस मिळत. आता फोन आल्यापासून सात दिवसांची मुदत आहे. नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध कारवाईसाठी दूरसंचार कंपनीला पूर्वी तीस दिवस होते, ते आता पाच दिवसांवर आले आहेत.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. पूर्वी एखाद्या क्रमांकाविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तरच कारवाईचा विचार होत असे; आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. असे एजंट क्रमांकांच्या यादीवरून ओळीने फोन करीत जातात, त्यामुळे आज सकाळी आपल्याला आलेला फोन त्याच पेठेतल्या इतर अडत्यांनाही आला असण्याचा संभव दाट असतो. त्या सर्वांनी चहाच्या वेळी नुसते चरफडण्याऐवजी तक्रारी नोंदवल्या, तर पाचाचा आकडा एका दिवसात गाठला जाऊ शकतो. उल्लंघन सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी त्या व्यक्तीच्या वा संस्थेच्या नावावरील सर्व जोडण्यांची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद होते. पुन्हा तसे घडल्यास सर्व जोडण्या एका वर्षासाठी तोडल्या जातात आणि नाव काळ्या यादीत जाते. ही कारवाई एका सिमपुरती नसून त्या नावावरील सगळ्या जोडण्यांवर होते, म्हणून सिम बदलून सुटका करून घेणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांच्या जोडण्या तोडण्याचा आदेश दिला, तेव्हा थोड्याच आठवड्यांत पावणेतीन लाखांच्या आसपास जोडण्या बंद झाल्या आणि पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या. त्या आदेशामागे त्याच वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत आलेल्या ७.९ लाखांहून अधिक तक्रारी होत्या, हे येथे मुद्दाम सांगतो.

तक्रार दिल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा. कंपनीने काहीच न करता तक्रार निकाली काढली असे वाटल्यास तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. नको असलेल्या फोनांची आकडेवारी चुकीची कळवणाऱ्या दूरसंचार कंपनीला पहिल्या वेळी दोन लाख, दुसऱ्या वेळी पाच लाख आणि त्यापुढे प्रत्येक वेळी दहा लाख रुपये दंडाची तरतूद २०२५ च्या दुरुस्तीत केली आहे, त्यामुळे तक्रारी दडपणे आता कंपनीलाही महाग पडू शकते.

प्रश्न : पलूस तालुक्यात आमची शेती आहे. डीएनडी केल्यास साखर कारखान्याकडून येणारे ऊसबिलाचे आणि बँकेचे ओटीपीचे संदेश बंद होतील, असे गावात सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : खरे नाही. खात्यावर रक्कम जमा झाल्याचा संदेश, ओटीपी, आपण स्वतः घेतलेल्या सेवेविषयीची सूचना आणि सरकारी सूचना हे विक्रीचे संदेश नाहीत, त्यामुळे ‘सर्व बंद’ ही पसंती नोंदवली तरी ते येत राहतात. संदेश कोणत्या प्रकारचा आहे हे आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी असलेल्या इंग्रजी अक्षरावरून ओळखता येते. पी हे अक्षर असेल तर तो जाहिरातीचा, एस असेल तर सेवेविषयीचा, टी असेल तर व्यवहाराचा आणि जी असेल तर सरकारी संदेश असतो. व्यवहाराच्या नावाखाली जाहिरात आली, तर तीही तक्रारीस पात्र आहे.

प्रश्न : मी विट्यात शिक्षिका आहे. ज्या बँकेत माझे वेतन खाते आहे तिच्याच नावाने ‘मॅडम, तुमचे कर्ज मंजूर झाले आहे’ असे फोन सतत येतात. नकार दिल्यावर ‘खाते उघडताना तुम्ही सही केली आहे’ असे ऐकवले जाते. एकदा सही केली म्हणजे आयुष्यभर फोन घ्यावेत असा त्याचा अर्थ होतो का?

उत्तर : तसा अर्थ मुळीच होत नाही. स्पष्ट संमती दिलेली असेल तर ती डीएनडीवर मात करते, हे मात्र खरे आहे आणि बँका त्याचाच आधार घेतात. खाते उघडण्याच्या अर्जातली बारीक टाइपातली परिच्छेदभर मजकुराची संमती आपण वाचलेली नसते, आणि ती वाचायला वेळ मिळावा अशी काळजी काउंटरपलीकडून सहसा कोणी घेत नाही. परंतु दिलेली संमती मागे घेता येते. विक्रीच्या प्रत्येक संदेशात ते बंद करण्याची सोय असणे आता बंधनकारक आहे, आणि एकदा आपण नकार नोंदवला की त्या संस्थेला नव्वद दिवसांच्या आत पुन्हा संमती मागता येत नाही. एखाद्या चालू व्यवहारापुरती दिलेली संमती तर सात दिवसांपुरतीच धरली जाते. म्हणजे आपण गृहकर्जाची सहज चौकशी केली, तर ती वर्षभर फोन करण्याची परवानगी ठरत नाही. संमती मागणारे अधिकृत संदेश १२७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावेत अशी व्यवस्था ट्रायने केली आहे, तेव्हा असा संदेश आल्यास घाईने होकार देऊ नये.

आपण शाखाधिकाऱ्यांच्या नावे एक लेखी पत्र द्यावे, त्यात विक्रीच्या सर्व फोन व संदेशांसाठीची संमती मागे घेत असल्याचे लिहावे आणि पोच घ्यावी. ई-मेल चालतो, पण शिक्का मारलेली पोच पुढे अधिक कामी येते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतरही फोन आले तर बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते आणि तक्रारीला शुल्क नाही.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासावी : हे फोन खरोखर बँकेचे आहेत काय? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना असे बजावले आहे की व्यवहार व सेवेविषयीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतोय’ असे सांगणारा माणूस एक तर नियम मोडणारा एजंट असतो किंवा भामटा असतो, आणि दोन्ही बाबतींत त्याच्याशी बोलणे चालू ठेवण्याचे कारण नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आणखी स्पष्ट आहेत : कार्ड कंपनीच्या प्रतिनिधींनी सकाळी दहा ते सायंकाळी सात या वेळेतच संपर्क साधावा, न मागता कार्ड देऊ नये, आणि तसे कार्ड देऊन त्यावर आकारणी केली तर ती रक्कम परत करून शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा.

प्रश्न : आम्ही तासगावचे. माझे वडील निवृत्त आहेत. ‘विमा नियामक कार्यालयातून बोलतो, तुमच्या जुन्या पॉलिसीवर बोनस अडकून पडला आहे, तो सोडवण्यासाठी एक नवी पॉलिसी काढावी लागेल’ असा फोन आला आणि त्यांनी बेदाणा विकून आलेल्या पैशांतून एक मोठा हप्ता भरला. आता पॉलिसीचे कागद घरी आले आहेत. बोनसचे नाव कोणी काढत नाही. पैसे परत मिळतील का?

उत्तर : सर्वप्रथम कागद घरी आल्याची तारीख पाहा, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः तीवर अवलंबून आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या विनियमांनुसार पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून तीस दिवस विमेदाराला ते वाचून, पसंत न पडल्यास पॉलिसी परत करण्याचा हक्क असतो. विमा प्रतिनिधी या मुदतीला ‘फ्री लुक’ म्हणतात. या मुदतीत वडिलांच्या सहीने विमा कंपनीला लेखी कळवावे; नकाराचे एक वाक्य पुरते, पण फोनवर काय सांगितले गेले तेही लिहावे. मुदतीच्या आत पत्र पोहोचल्यास मधल्या काळातील जोखमीचा प्रमाणशीर हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा जाता बाकीची रक्कम परत करावी लागते. हे पत्र एजंटच्या हाती देऊ नका, आणि ‘थांबा, मी वरिष्ठांशी बोलतो’ असे सांगून दिवस घालवणाऱ्याचे ऐकू नका. माझ्या पाहण्यात अशा बहुतेक प्रकरणांत मुदत कायद्यामुळे नव्हे, तर अशा गोड बोलण्यामुळे उलटते.

मुदत उलटली असेल तरी मार्ग बंद होत नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण कोणालाही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करीत नाही आणि त्यासाठी फोनही करीत नाही, हे त्या प्राधिकरणाने वारंवार जाहीर केले आहे. म्हणजे विक्रीच मुळात खोट्या बतावणीवर झाली आहे. याच मुद्द्यावर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीच प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवावी. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. सांगली व सातारा हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतात, तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पैसे दिल्याची पावती, बँकेचे पासबुक, आलेल्या फोनांचे क्रमांक व तारखा आणि असल्यास ध्वनिमुद्रण जपून ठेवा. जुना हँडसेट घरातल्या मुलांना देऊन टाकू नका.

आता जरा वेगळी शक्यता. पैसे विमा कंपनीच्या खात्यात न जाता एखाद्या व्यक्तीच्या किंवा अनोळखी संस्थेच्या खात्यात गेले असतील, तर हे प्रकरण विम्याचे राहत नाही, ते सरळ फसवणुकीचे होते. मग वेळ दवडण्यात अर्थ नाही. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. पोलिसांकडील फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीविषयीचे कलम ३१८ आणि तोतयेगिरी करून फसवण्याबाबतचे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-ड यांचा उल्लेख होईल असे पाहावे. ज्यांचे पैसे अद्याप गेलेले नाहीत, पण असा संशयास्पद फोन आला आहे, त्यांनी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील किंवा ॲपमधील ‘चक्षु’ या सुविधेत तो नोंदवावा. ही सुविधा मार्च २०२४ पासून सुरू आहे.

प्रश्न : मिरजेतील एका रुग्णालयात मी काम करतो. सहकाऱ्याने घेतलेल्या कर्जासाठी वसुलीवाले मला फोन करतात. मी जामीनदारही नाही.

उत्तर : हे विक्रीचे फोन नसल्याने १९०९ चा येथे उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी आठच्या आधी किंवा सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराचे नातेवाईक, मित्र किंवा संदर्भासाठी ज्यांची नावे दिली आहेत अशा व्यक्ती यांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करण्यास मनाई आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव विचारून घ्या, तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि तीस दिवसांनंतर वर सांगितलेल्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. धमकी दिली गेल्यास पोलिसांत जाण्यासाठी तीस दिवस थांबण्याची गरज नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवरून येणारे विक्रीचे फोन आणि संदेश डीएनडीने बंद होतात का? (सांगली)

उत्तर : नाही. ट्रायचे हे विनियम दूरसंचार जाळ्यावरून येणारे फोन आणि एसएमएस यांपुरते आहेत. व्हॉट्सॲपवर त्या क्रमांकाची तक्रार नोंदवून तो ब्लॉक करावा, आणि फसवणुकीचा वास आला तर ‘चक्षु’ आहेच.

प्रश्न : या सगळ्या मनस्तापाबद्दल ग्राहक आयोगात भरपाई मागता येईल का? मी सांगलीत राहतो, कंपनीचे कार्यालय मात्र परराज्यात आहे.

उत्तर : कंपनी परराज्यात असणे ही अडचण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपली तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, तक्रार ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

खरी अडचण वेगळी आहे. या कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. ज्याने फोन केला त्याच्याकडून आपण काहीही घेतलेले नसेल, तर नुसता फोन आला म्हणून आपण त्याचे ग्राहक ठरत नाही, आणि ट्रायच्या विनियमांतही त्रास झालेल्या व्यक्तीला रोख भरपाई देण्याची तरतूद नाही. कायद्यातली ही उणीव मला खटकते, कारण दंड होतो पण ज्याची दुपारची झोप गेली किंवा ज्याचे ऑपरेशन थिएटरमधले लक्ष विचलित झाले, त्याच्या हाती काही पडत नाही. आपण ज्याचे निश्चितपणे ग्राहक आहात, ती मात्र आपली दूरसंचार कंपनी आहे. पसंती नोंदवूनही आणि रीतसर तक्रारी देऊनही तिने कारवाई केली नाही, तर ती सेवेतील त्रुटी आहे अशी मांडणी करता येते. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते की नाही यावर पूर्वी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया कंपनीच्या प्रकरणात तो वाद मिटवला आणि आयोगाचा अधिकार मान्य केला. आपली स्वतःची बँक किंवा विमा कंपनी त्रास देत असेल, तर तिचेही आपण ग्राहक आहातच.

आयोगात जाताना हाती काय हवे, तर १९०९ वरील तक्रारींचे क्रमांक, त्यांवर कंपनीने दिलेली उत्तरे आणि त्यानंतरही आलेल्या फोनांच्या तारखा. ही साखळी नसेल तर निव्वळ संतापाच्या बळावर तक्रार टिकणार नाही. ज्यांना आयोगापर्यंत जायचे नाही, त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलावे. तेथून तक्रार संबंधित कंपनीकडे पाठवली जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. फोनवरून दिशाभूल करणारी जाहिरात अनेकांना ऐकवली जात असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार आहे आणि अशा जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : माझा प्रश्न उलट बाजूचा आहे. विश्रामबागेत मी घरगुती फराळाचा व्यवसाय करते. दिवाळीपूर्वी जुन्या ग्राहकांना आणि त्यांच्याकडून मिळालेल्या क्रमांकांवर फोन व एसएमएस करते. यात कायद्याचा भंग होतो का?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले कौतुक करावेसे वाटते, कारण मोठ्या कंपन्याही तो स्वतःला विचारत नाहीत. ज्या ग्राहकाने ऑर्डर दिली आहे त्याला ‘चकल्या तयार आहेत, केव्हा नेता’ असे विचारण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, आणि ज्याने स्वतः चौकशी केली त्याला उत्तर देणेही योग्यच आहे. परंतु नवी ऑर्डर मिळावी म्हणून आपल्या साध्या मोबाइलवरून एकामागून एक फोन करणे किंवा एसएमएस पाठवणे म्हणजे नियमांच्या दृष्टीने नोंदणी न करता केलेली विक्रीच होय. पाच जणांनी दहा दिवसांत तक्रार केली तर ऐन दिवाळीत आपल्या नावावरील सर्व जोडण्यांची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद पडू शकते. जुने, समाधानी ग्राहक सहसा तक्रार करीत नाहीत. धोका आहे तो मैत्रिणीने दिलेल्या किंवा सोसायटीच्या यादीतून उतरवून घेतलेल्या क्रमांकांचा. ते वापरू नयेत.

व्यवसाय वाढवायचा असेल तर कोणत्याही दूरसंचार कंपनीच्या नोंदणी संकेतस्थळावर पाठवणारा म्हणून नाव नोंदवावे, संदेशासाठी आपल्या व्यवसायाचे नाव आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा, आणि ते नोंदणीकृत टेलिमार्केटरमार्फत पाठवावेत. एवढी उस्तवार नको असल्यास त्याहून सोपा मार्ग असा, की यंदा ऑर्डर घेताना प्रत्येक ग्राहकाला पुढच्या वर्षी कळवावे का असे विचारून वहीत त्याच्या नावापुढे तारखेसह सही घ्यावी, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी खोडावे. अशी वही नोंदणीची जागा घेत नाही, हे खरे; पण ज्याला फोन हवा आहे त्यालाच तो गेला, तर तक्रार होण्याचे कारण उरत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे नियम यांचाही रोख हाच आहे : माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज ती मागे घेता यावी. त्यातील संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतील, तेव्हा आपल्या हाती अवधी आहे. तोपर्यंत आपल्या ग्राहकांची यादी शेजारच्या साडीच्या दुकानाला किंवा केटररला, अगदी ओळखीखातरही, देऊ नये.